आगबोटीचं साल

आमच्या नावेला दोन्ही काठची माणसं आगबोट म्हणतात. वाफेवर ती एक दिवसही चाललेली नाही. तिच्या बुडात बसवलंय ते विहिरीचं पाणी उपसायचं जुनं डिझेल इंजिन. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून ते घेतलं. पण पल्याडच्या गावातले नाना तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होते. बंदरात उतारू भरून धूर ओकत फिरणाऱ्या वाफेच्या आगबोटी त्यांनी पाहिलेल्या, त्यातून फिरलेले. आमचं इंजिन पहिल्यांदा भकभक करत त्यांच्या काठाला लागलं, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हाई त आगबोट शे!" झालं. तेव्हापासून तेच चालू.

आणि अगदीच खोटं नाही ते. इंजिन गार ठेवायला त्याच्या डोक्यावर पाण्याची उघडी टाकी आहे. आमच्याकडचा उन्हाळा काय सांगायचा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती टाकी खदखदायला लागते आणि वाफ वर यायला लागते. बायका फडक्यात शेंगा बांधून त्यात सोडतात आणि पल्याड जाईपर्यंत उकडून घेतात. मी ओरडते, "डिझेलचा वास लागेल गं!" तर म्हणतात, "लागू दे, तेवढाच मसाला." अशा या बाया.

तापीवर वरच्या अंगाला पूल आहे, खालच्या अंगाला पूल आहे, आणि आमची दोन गावं बरोबर मध्ये अडकलीत. एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. खाली बॅरेज झाल्यापासून पाणी बाराही महिने उभं असतं, त्यामुळं चालत जायची सोय गेली. मग राहिली आगबोट. ज्यांची शेतं पल्याड ते रोज येणार. शाळेचे मास्तर, बाई, दुधाचे कॅन, केळीचे घड, बकऱ्या, मोटारसायकली. मोटारसायकलवाला नावेतसुद्धा गाडीवरून उतरत नाही, दोन्ही पाय टेकून राजासारखा बसून राहतो, आणि नाव हलली की देवाचं नाव घेतो. मी या बोटीची ड्रायव्हर, झाडूवाली आणि भांडण लागलं तर फौजदार.

माझं तोंड चांगलं नाही असं सगळे म्हणतात. नसू दे. इंजिनाच्या आवाजात गोड बोलून कुणाला ऐकू जातं?

मी या कामात कशी आले ते एका ओळीत सांगण्यासारखं आहे. माझं लग्न झालं धुळ्याकडं, आणि काही वर्षांनी एका दिवाळीला मी पिशवी घेऊन माहेरी आले ती परत न्यायला कुणी आलंच नाही. आमच्याकडं अशा बाईला टाकेल म्हणतात. फेकलेल्या वस्तूला म्हणावं तसं. कुणी तोंडावर म्हणत नाही, पाठ फिरली की म्हणतात. आई तेव्हा गेलेली होती, भाऊ सुरतला कामाला. आबा सुकाणू धरायचे आणि इंजिनाला दुसरं माणूस लागायचं. मी घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा नावेत जाऊन बसले आणि बसले ती बसलेच.

इंजिन चालू करणं हे ताकदीचं काम आहे असं गड्यांना वाटतं. ते ऐकण्याचं काम आहे. वरचा खटका उचलून धरायचा, हँडल फिरवायचं, चाकाला वेग आला की आवाज बदलतो, त्या क्षणी खटका सोडायचा आणि हँडल काढून घ्यायचं. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीत आवळू नको. कारण इंजिन कधीकधी उलटं मारतं. अंगठा आवळलेला असला तर मनगट गेलंच. माझं बोलणं लोकांना टोचतं, पण या इंजिनाचं आणि माझं कधी वाकडं आलं नाही. त्याला मी आवडत असावी.

आता आखाजीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि हा सण लेकींचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस. पुरुष मंडळी पत्ते घेऊन बसतात, त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. आणि दुसरं म्हणजे या दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं. जुन्या गड्याचं साल संपतं, नव्याचं सुरू होतं. आमची नावही तशीच. तिकीट आम्ही फक्त परक्या माणसाकडून घेतो. दोन्ही गावची घरं खळ्यावर वर्षाचं धान्य देतात आणि त्या बदल्यात वर्षभर जा-ये करतात. म्हणून दर आखाजीला दोन्ही काठचे जाणते एकत्र बसतात आणि घाट, म्हणजे नाव चालवायचा हक्क, कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवतात. एका काठानं हो म्हणून भागत नाही, दोन्ही काठांचं हो लागतं. आबांचं साल कधी चुकलं नव्हतं. बसायचे, पान खायचे, "चालू द्या" म्हणायचे, उठायचे.

आखाजीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत माझी नाव लेकींनी भरून जाते. ते बघण्यासारखं असतं. पल्याडून बसताना डोक्यावर पदर, मान खाली, पोरं गप्प. नदीचा मध्य आला की तो पदर आपोआप खांद्यावर येतो. आवाज चढतो. कुणी चप्पल काढून पाय पाण्यात सोडते. अलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती बाई पुन्हा शाळेतली पोर झालेली असते. या काठच्या लेकी पल्याड दिल्यात, त्या काठच्या अलीकडं, त्यामुळं दोन्ही बाजूंनी हेच. मी इंजिनाशी बसून बघत असते. सगळ्या माहेरी येतात त्या माझ्या बोटीतून. मी कुठून येणार? मी तर तिथंच बसलेली.

त्या वर्षी आखाजीच्या महिनाभर आधी आबांचं मनगट मोडलं. मला ताप होता म्हणून त्यांनी स्वतः हँडल मारलं आणि इंजिनानं उलटं मारलं. अंगठा मुठीतच होता. इतक्या वर्षांचा शिकवणारा माणूस, आणि हे! धुळ्याला नेऊन प्लास्टर केलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या हातानं जोराचं काम आता नको.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीनं खेपा सुरू केल्या. इंजिन आणि सुकाणू दोन्ही मागच्या अंगालाच आहेत, एका माणसाला जमतं. काठाला लागताना दोर टाकायला एखादा उतारू मदत करतो. महिनाभर एक खेप चुकली नाही. तरी लोक बसताना विचारायचे, "आबा नहीत का?" जणू मी तात्पुरतं झाकण आहे.

सुरतहून भावाचा फोन आला. म्हणाला, इंजिन विकून टाका, नाव कुणालाही द्या, तुम्ही दोघं इकडं या. माझा भाऊ वाईट नाही. पण सुरतच्या त्या एका खोलीत माझी जागा कुठली ते मला ठाऊक होतं. वहिनीच्या ओट्याच्या कोपऱ्यात, आणि तीही कायम थोडी सरकून घेतलेली. मी आबांना म्हटलं, "आबा, घाट आपल्याकडंच राहील. तुम्ही फक्त सांगा, माझ्या नावानं साल मागा." त्यांनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

एवढंच होतं माझं. साल मिळालं तर या नदीवर माझी जागा होती. नाही मिळालं तर सुरतेचा कोपरा.

आखाजीच्या सकाळी जाणत्यांची बैठक पल्याडच्या घाटावर निंबाखाली होती. आमच्या गावची मंडळी मीच घेऊन गेले. आबाही होते, गळ्यात हात अडकवलेला. मी नाव खांबाला बांधून इंजिनाशी बसून राहिले. बाईमाणसानं बैठकीत जायचं नसतं, पण ऐकू येण्याइतकी मी जवळ होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याच गावच्या एकानं सुरुवात केली. आबांचा हात गेला, वाईट झालं. पण आता नदी ही नदी आहे, पोरीच्या जातीला कसं झेपायचं? पल्याडचा एक बाप्या घाट घ्यायला तयारच बसला होता. त्याचं म्हणणं, तो फायबरची नाव आणेल. दुसरा म्हणाला, पोरीचा भाऊ सुरतला चांगला आहे, तिची काळजी नाही. काळजी! महिनाभर याच लोकांना मी पैलतीरी पोचवत होते आणि ते माझी काळजी करत होते. नाना मध्ये बसलेले, ते आबांकडं वळून म्हणाले, "तुम्ही सांगा, काय करूत?"

मी चाकावर हात ठेवून आबांकडं बघत राहिले. आबांनी जमिनीकडं पाहिलं. म्हणाले, "तुम्ही जाणते शेतस. तुम्ही ठरावा."

बस. माझ्या डोळ्यात पाणी आलं नाही, राग आला. असा राग की टाकीतलं पाणी इंजिन न लावता उकळलं असतं.

मंडळींनी मग नेहमीची युक्ती केली. आज सण आहे, घरी आमरस वाट बघतोय, घाई कशाला? संध्याकाळी पुन्हा बसू आणि काय ते ठरवू. आमची ती मंडळी तोपर्यंत पल्याडच्याच सोयऱ्यांकडं जेवायला थांबली. सगळ्यांना हे पसंत पडलं. ही चूक आमच्याच माणसांनी करावी. निकाल संध्याकाळवर ठेवला, आणि मध्ये बायकांचा बार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. आखाजीच्या दुपारी एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूच्या बायकांना शिव्या देतात. अगदी मनापासून, हातवारे करून, पिढ्यांचा उद्धार करत. ज्या बाजूला उत्तर सुचलं नाही ती हरली. आणि एक नियम मात्र पक्का, बारातलं बारातच राहतं. सूर्य खाली गेला की कुणी कुणाला "तू मला असं का म्हणालीस" विचारायचं नाही. राग धरला त्याची दोन्ही काठांवर छी-थू होते. आमच्या दोन गावांचा बार पूर्वी नदीच्या दोन काठांवरून चालायचा. मग बॅरेजचं पाणी चढलं, पात्र रुंद झालं, शिव्या पोचेनात. म्हाताऱ्या हळहळायला लागल्या. तेव्हापासून एका वर्षी आमच्या बायका आगबोटीत बसून त्यांच्या काठाजवळ जातात, दुसऱ्या वर्षी त्यांच्या आमच्याकडं येतात. काठापासून थोडं अंतर ठेवून लंगराचा दगड सोडायचा, ऐकू यावं म्हणून इंजिन बंद करायचं, आणि मग तोंडं उघडायची.

नावाड्यानं त्यात पडायचं नाही. आबा नेहमी सांगायचे, नावाड्याला काठ नसतो, तो दोन्हीकडचं धान्य खातो. बार चालू असताना ते पाठ करून विडी ओढत बसायचे. मीही इतकी वर्षं तशीच बसत आले, तोंडाला खाज सुटायची तरी.

त्या दुपारी आमच्या बायका नटूनथटून नावेत बसल्या. लेकी, सुना, म्हाताऱ्या, हातात मोबाइल घेतलेल्या पोरी. पल्याडच्या घाटाजवळ दगड सोडला, इंजिन बंद केलं. समोर त्यांच्या बायकांची फळी उभी, आणि पुढं नानांची बायको. तिला दोन्ही गावं अक्का म्हणतात. बारात तिचा हात कुणी धरत नाही. मागं निंबाखाली पुरुष मंडळी पत्ते खाली ठेवून ऐकायला बसलेली. आबाही त्यांच्यात.

सुरुवात चांगली झाली. आमच्या बाजूनं म्हटलं, तुमच्या गावात पाहुणा दिसला की चुलीला कुलूप लागतं. त्यांनी म्हटलं, तुमच्या गावात चूल पेटते का आधी ते बघा, जावई सांजोऱ्या मोजून खातात. आमच्या बाजूनं त्यांच्या सरपंचाच्या ढेरीचा विषय काढला. हशा चालू होता, मीसुद्धा पाठ करून हसत होते.

आणि अक्कानं आवाज चढवला. "दाल्लानी टाकेल बाईना हातमा नाव दिधी! तुमना गावमा गडी सरी ग्यात का वं?"

नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या हातात नाव दिली, तुमच्या गावातले पुरुष संपले का? एवढंच ती म्हणाली. बारातलं बोलणं ते. त्याचं मला काही वाटलं नाही असं नाही, पण ते सहन झालं असतं. सहन झालं नाही ते पुढचं. आता आमच्या बाजूनं उत्तर जायला हवं होतं. मी वाट बघितली. नावेत बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं, कुणी पदर सारखा केला, कुणी पाण्यात बघितलं. एकही बोलली नाही. कारण त्यांनाही तेच वाटत होतं.

मी इंजिनाच्या फळीवर उभी राहिले. केव्हा राहिले ते मला कळलं नाही.

"अक्का!" मी ओरडले. "दाल्लानी माले टाकं, मी कधी कोनले पान्यामा नही टाकं!" मागच्या पावसाळ्यात तुमच्या सुनेला कळा सुटल्या, नदी लाल झालेली, आबा गावात नव्हते, तेव्हा नाव पाण्यात कुणी घातली? तेव्हा विचारलंत का, चालवणारीला नवरा आहे का म्हणून? तेव्हा तर माय म्हणत होतात मला!

पल्याडची फळी मागं सरली आणि आमच्या बायका टाळ्या वाजवून हसल्या. मी वळले. "तुम्ही कसाले हासतस वं?" तोंडात सांजोरी कोंबलीय का सगळ्यांनी? शेंगा उकडायला माझी टाकी चालते, भांडून आलात की रडायला माझी नाव चालते, आणि माझ्यासाठी एक शिवी देववत नाही? माहेराला आल्यात ना? कुणाच्या जिवावर आल्यात?

इथं थांबायला हवं होतं. पण मी जन्मभराचं साठवलेलं उघडून बसले होते. निंबाखाली बसलेल्या गड्यांना म्हटलं, वरची रास घरात आणि खालचे खडे-माती नावाड्याला, हे तुमचं धान्य. नदी झेपायची नाही म्हणता, मग महिनाभर काय तुम्ही पोहत आलात? नावाड्याला काठ नसतो म्हणतात, मग घ्या, दोन्ही काठांना सारखंच देते. कुणाला कमी पडलं असेल तर सांगा!

कुणीतरी मागून माझा पदर ओढला. मी हात झटकला आणि आबांकडं बोट केलं.

"आबा, हात मोडना तुमना! जीभ नही मोडनी!"

बारात कुणी आपल्या बापाला बोलत नाही. असं कधी झालेलं नव्हतं. अक्कानंसुद्धा तोंडावर पदर घेतला. आबा जसे बसले होते तसेच बसून राहिले.

मग मी फळीवरून खाली उतरले, दगड ओढला, हँडल घातलं, फिरवलं. चालू झालं नाही. दोन्ही काठ बघतायत. पुन्हा फिरवलं, चाक घुमलं आणि खटका मी लवकर सोडला, फुस्स. नावेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "दम खाय बेटा." मी दम खाल्ला, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला, आवाज ऐकला. तेव्हा कुठं ते भकभकलं.

बायकांना अलीकडं उतरवलं. उतरताना एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग रिकामी नाव घेऊन मी पुरुष मंडळींना आणायला परत निघाले. त्या खेपेइतकी लांब नदी मी कधी पाहिली नाही. आपल्याच हातानं आपलं वाटोळं केलं असं वाटत होतं. आई म्हणायची, बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. मी मनात म्हटलं, आई, मी बोलले गं, पण अंबाडीही गेली आणि गहूही गेले. सुरतेला कुठली पातळं न्यायची तेसुद्धा ठरवायला लागले होते.

घाटावर मंडळी जमलेलीच होती. ऊन कलतीला लागलं होतं. नानांनी घसा साफ केला. "सकायनं राही जायेल शे. घाट कोनले देवाना?"

कुणी बोलेना. मला आधी कळलं नाही का ते. मग एकेकाचं तोंड बघितलं आणि उजेड पडला. आता जो नाही म्हणेल तो बारातला राग धरतो असं होणार होतं. सकाळी खुशाल नाही म्हणाले असते. आता तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. फायबरवाला उठला, बसला, पुन्हा उठला आणि "माझं काही म्हणणं नाही" म्हणून पत्त्यांकडं गेला. नाना मिशीत हसत होते. त्या म्हाताऱ्याला सकाळीच हे दिसलेलं असावं अशी मला आजही शंका आहे. विचारलं तर कानावर हात ठेवतात.

नाना म्हणाले, "कोनी नही म्हनस?" मग म्हणाले, "त मंग साल पोरनं." म्हणजे मुलीचं. माझं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण आबा उठले होते. निंबाखालून ते घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आले, सगळ्यांच्या देखत. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. शिव्या खाल्लेला बाप आहे, त्याचा हक्क आहे. मी मान खाली घातली.

आबा म्हणाले, "आते तू मालक. आज आखाजी शे. एक हातना गडी शे मनाकडे, सालले ठेवशी का?"

मला समजायला वेळ लागला की तो एका हाताचा गडी म्हणजे ते स्वतः. दोन्ही गावांसमोर माझा बाप माझ्याकडं सालदार राहायला विचारत होता. वर कुणीतरी खोकलं. माझं तोंड मला कधी सोडून जात नाही.

"ठेवसू," मी म्हटलं. "पन मुका गडी माले नको."

आबा नावेत चढले. आमच्या गावची बाकी मंडळी पत्त्यांवर बसलेली होती, ती म्हणाली, आम्हाला नंतर न्यायला ये. म्हणून त्या खेपेला आम्ही दोघंच. मी सुकाणूशी, आबा समोरच्या फळीवर, उतारू बसतात तिथं. नदीच्या मध्यावर येईपर्यंत ते हात धरून गप्प होते. मला वाटलं, याच्या सालाची सुरुवात चांगलीच झाली.

मध्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. इंजिनात ऐकू आलं नाही. मी कान पुढं केला, तसे ते मोठ्यानं म्हणाले, "तू ती दिवाळीले पिशवी लई उनी, तवय मी काही विचारं नही." थांबले. मग म्हणाले, "पोरी, तो तुले मारे का वं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं आणि लंगराचा दगड पाण्यात सोडला. सांगायला वेळ लागणार होता.